परिसरविज्ञानातला कोनाडा आणि गावकुसाबाहेरचा माणूस

१

माधव गाडगीळ हे नाव घेतले की मराठी वाचकाला दोन गोष्टी आठवतात : देवराया आणि पश्चिम घाटाचा अहवाल. या दोन्हींवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या संशोधनातली तिसरी एक गोष्ट आपल्या दृष्टीने या दोहोंपेक्षा महत्त्वाची आहे, आणि तिच्याविषयी मराठीत फारसे कोणी बोलत नाही. १९८३ साली गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन बायॉलॉजी’ या इंग्रजी नियतकालिकात एक निबंध लिहिला. परिसराच्या दृष्टीने भारतीय जातिव्यवस्थेची काही उपयुक्तता होती काय, हा त्याचा विषय. होती, असे त्यांचे उत्तर होते. निसर्गातली साधने निरनिराळ्या जातींनी आपापसांत वाटून घेतली होती, त्यामुळे स्पर्धा टळली, आणि स्पर्धा टळल्यामुळे ती साधने जपून वापरण्याच्या रूढी निर्माण झाल्या, असे या निबंधाचे सार सांगता येईल.

निबंध विद्वानांसाठी होता. पण विचार हे विद्वानांच्या नियतकालिकांत कोंडून राहत नाहीत. रामचंद्र गुहा यांच्याबरोबर गाडगीळांनी १९९२ साली लिहिलेल्या ‘धिस फिशर्ड लँड’ या ग्रंथात हा विचार विस्ताराने आला. तेथून तो भाषणांत आणि वर्गातल्या टिपणांत उतरला, आणि उतरता उतरता त्याचे शास्त्रीय कपडे गळून पडले. शेवटी उरले ते एवढेच, की पूर्वी ज्याचे त्याचे काम ठरलेले होते म्हणून जंगल टिकले.

मी सोलापुरात एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पर्यावरण अभ्यास हा पदवीच्या वर्गांना सक्तीचा विषय झाल्यापासून त्याच्या तासिका ज्याच्याकडे वेळ असेल त्याच्याकडे जातात. त्या माझ्याकडे आल्या आणि त्या निमित्ताने मी गाडगीळ वाचले. जाती आणि प्राण्यांच्या जाती यांची या निबंधातली तुलना मी वर्गात सांगितली, तेव्हा पारधी समाजातला एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, म्हणजे आमची जात माणसातली धरायची का जनावरातली?” वर्ग हसला. तो हसला नाही.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठीत ‘जात’ हा शब्द दोन्हींकडे चालतो. आंब्याची जात, बैलाची जात, माणसाची जात. जी तुलना शास्त्रज्ञाने जाणीवपूर्वक केली, ती आपल्या भाषेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. म्हणून हा विचार मराठी कानाला सहज पटतो. जे सहज पटते त्याची चिकित्सा अधिक कसोशीने केली पाहिजे.

२

ही चिकित्सा करताना गाडगीळांवर अन्याय होता कामा नये. लेखकाची जात सांगून त्याचा सिद्धान्त खोडता येत नाही. तो मार्ग आपल्यावर फार वापरला गेला आहे, आपण तो वापरू नये. १९४२ साली पुण्यात जन्मलेले गाडगीळ जातीचे संस्कार न पाळणाऱ्या घरात वाढले. वडील धनंजयराव गाडगीळ हे नामवंत अर्थशास्त्रज्ञ. सहकारी साखर कारखानदारीच्या उभारणीतला त्यांचा वाटा सर्वश्रुत आहे, आणि सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यासही त्यांच्याच नावावर १९६५ साली ग्रंथरूपाने निघाला आहे. शेजारी इरावती कर्वे राहत होत्या. जात म्हणजे आपापसांत विवाह करणारा नातेवाइकांचा गट, आणि हिंदू समाज म्हणजे अशा अनेक गटांची जुळणी, ही इरावतीबाईंची मांडणी. गाडगीळांच्या १९८३ च्या निबंधात समाजाचे जे चित्र आहे, त्याचे मूळ या शेजारात सापडते.

फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन गाडगीळ मुंबईला आणि पुढे हार्वर्डला गेले. १९६९ साली त्यांना तेथे डॉक्टरेट मिळाली. आरंभीचे त्यांचे काम गणिती होते. सजीव आपल्या वाट्याला आलेली शक्ती वाढण्यात किती घालतो आणि प्रजोत्पादनात किती, याचे हिशेब ते मांडत होते. या काळातले त्यांचे एक संशोधन मला फार बोलके वाटते. ऑटो सोलब्रिग यांच्याबरोबर १९७२ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध रानफुलांवर आहे आणि त्यात डँडेलियन नावाच्या गवताळ रोपाचा अभ्यास आहे. जिथे माणसांची वर्दळ असते, गवत वारंवार कापले आणि तुडवले जाते, तिथे या रोपाचा एक वाण जास्त आढळतो. तो पानांवर कमी आणि बियांवर जास्त शक्ती खर्च करतो, कारण जगण्याची शाश्वती नाही. जिथे वर्दळ नाही, तिथे पाने वाढवून जागा धरून बसणारा वाण जास्त. हे शास्त्र निर्दोष आहे. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : तुडवणाऱ्या पायाविषयी शास्त्रज्ञाला काही विचारायचे नसते. पाय हा परिसराचा भाग. रोपाने त्याच्याशी कसे जुळवून घेतले एवढाच प्रश्न. वनस्पतीच्या बाबतीत हे क्षम्य आहे. समाजाच्या बाबतीत पायाविषयी विचारल्याशिवाय गवताविषयी काही सांगता येत नाही.

१९७१ साली गाडगीळ परत आले. अमेरिकेत राहून नाव आणि पैसा दोन्ही मिळत असताना ते आले, हे नोंदवले पाहिजे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी सह्याद्रीतल्या देवराया पाहिल्या. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांत कुऱ्हाड चालत नाही. म्हणून आसपासचे डोंगर बोडके झाले तरी तिथे मूळच्या जंगलाचे अवशेष राहिले. १९७३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि २००४ पर्यंत तिथेच राहिले. परिसरविज्ञान केंद्राची तिथली उभारणी त्यांनी केली.

३

या काळात मल्होत्रा आणि गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या आणि पशुपालक जमातींचा अभ्यास केला. त्यांची उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. फासेपारधी फासे लावून काळवीट, तितर, लावा धरतात. वैदू मुंगूस, रानमांजर असे लहान प्राणी सापळ्यात पकडतात आणि पाण्यातली कासवे धरतात. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकरासारख्या मोठ्या प्राण्यामागे लागतात. तिघे एकाच मुलखात फिरतात, पण तिघांची शिकार वेगळी. नंदीबैल घेऊन कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावांत फिरायचे हेही ठरलेले. सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात वडापुरी येथे तिरमल नंदीवाले जमतात आणि आपल्या हद्दींचे तंटे जातपंचायतीत सोडवतात. घाटावर गवळी धनगर माथ्याला म्हशी राखणार, कुणबी खोऱ्यात शेती करणार. एकमेकांच्या पायात पाय नाही.

परिसरविज्ञानात एका जातीच्या प्राण्याने निसर्गात व्यापलेल्या जागेला जो शब्द आहे, त्याला मराठीत ‘कोनाडा’ म्हणता येईल. एका रानात दोन पक्षी राहतात, एक शेंड्यावरची फळे खातो, एक जमिनीवरचे किडे. प्रत्येकाचा कोनाडा निराळा, म्हणून दोघे नांदतात. गाडगीळ–मल्होत्रा म्हणतात की आपल्या जाती अशाच नांदत होत्या. एका टापूतले एक साधन एका जातीच्या एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. उद्या ते आपल्याच नातवाला लागणार आहे हे माहीत असल्यामुळे त्या घराण्याने ते ओरबाडले नाही. जातिव्यवस्था इतकी शतके टिकली, त्यामागे हे एक मोठे कारण असावे. पुढे साधनांचा नाश झाला, पैशाचा व्यवहार वाढला, जातींचे परस्परपूरकत्व संपले आणि संघर्ष सुरू झाले.

या मांडणीतला शोधाचा भाग मी मान्य करतो. पारध्याच्या फाशाकडे गुन्हेगाराचे हत्यार म्हणून न पाहता ज्ञान म्हणून पाहणारा विद्वान आपल्याकडे विरळा. गाडगीळांनी ते केले. समाजात विषमता होती हे ते नाकारत नाहीत, जाती पुन्हा आणाव्यात असेही सुचवत नाहीत. माझा आक्षेप निरीक्षणाला नाही. त्या निरीक्षणावरून जातिव्यवस्थेविषयी जो निष्कर्ष काढला, त्याला आहे.

४

पहिला प्रश्न जात आणि प्राण्याची जात या तुलनेचा. चिमणीचा आणि कावळ्याचा संकर होत नाही, कारण निसर्गाने तो होऊ दिलेला नाही. महाराचा आणि मराठ्याचा संसार होऊ शकतो, म्हणूनच तो होऊ नये यासाठी समाजाला कुऱ्हाडी घेऊन उभे राहावे लागते. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर जो निबंध वाचला, त्याचा गाभा हाच आहे. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, आणि अंतर्विवाह हा नैसर्गिक नसून लादून टिकवावा लागतो, हे त्यांनी दाखवले. नवऱ्यामागे उरलेल्या स्त्रीचे आणि बायकोमागे उरलेल्या पुरुषाचे काय करायचे, या प्रश्नांतून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह निघाले. म्हणजे जातीच्या भिंती स्त्रियांच्या देहांवर उभ्या आहेत. हार्वर्डहून परतलेल्या विद्वानाच्या निबंधाआधी सदुसष्ट वर्षे, त्याच देशातून परतणाऱ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने हे लिहून ठेवले होते. ज्या अंतर्विवाहापासून गाडगीळ–मल्होत्रा सुरुवात करतात, त्याचाच उलगडा बाबासाहेबांनी केला होता. सुरुवात जिथे सिद्ध करायची असते तिथे ती गृहीत धरली, तर पुढचे गणित कितीही सुबक असले तरी उत्तर चुकते.

दुसरा प्रश्न कोनाड्याचा. प्राणी आपला कोनाडा सोडू पाहतो तेव्हा त्याला भूक अडवते किंवा दुसरा प्राणी अडवतो. जातीचा माणूस आपला कोनाडा सोडतो तेव्हा त्याला कोण अडवते? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेले ढोर ओढणे आणि त्याचे मांस खाणे सोडा असे सांगितले. परिसरविज्ञानाच्या भाषेत हे एका जातीने आपला कोनाडा रिकामा करणे होते. पुढे गावोगाव ज्यांनी हे काम टाकले, त्यांच्यावर बहिष्कार पडले, पाणवठे आणि दुकाने बंद झाली, डोकी फुटली. कोनाडा निसर्गाचा असता तर त्याच्या राखणीला लाठ्या लागल्या नसत्या.

पाणी हे तर सर्वांत पहिले नैसर्गिक साधन. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे घडले, त्याकडे या सिद्धान्ताच्या नजरेने पाहा. तळ्यावर गुरे जात होती, पक्षी जात होते, परधर्मी जात होते, फक्त अस्पृश्य जात नव्हते. तळ्यावरची ‘स्पर्धा’ खरोखरच टळलेली होती. ती टळली कारण काही माणसांना स्पर्धेतून बाहेर हाकलले होते. हे जपून वापरणे म्हणायचे काय? आणि साधने संपल्यावर जातींत संघर्ष सुरू झाले असे म्हटले, तर महाड कुठे बसवायचे? चवदार तळे आटले म्हणून सत्याग्रह झाला नाही. ज्या समाजव्यवस्थेत संघर्ष नाही तिला स्थिर म्हणायचे आणि संघर्ष आला की बिघाड म्हणायचे, या हिशेबात आपल्या मुक्तीचा पहिला दिवस बिघाडाच्या रकान्यात जातो.

तिसरा प्रश्न, या अभ्यासात कोण आले आणि कोण राहिले? निबंधाने अशा जाती घेतल्या, ज्या निसर्गसाधनांवर प्रत्यक्ष जगतात. त्यामुळे पारधी आले, धनगर आले, कोळी आले. पाटील, देशमुख, कुलकर्णी, जोशी आपोआप चौकटीबाहेर राहिले. ते फासा लावत नाहीत, म्हशी राखत नाहीत. ते सगळ्यांच्या कष्टांतून वाटा घेतात. रानाचा अभ्यास करताना सगळ्यांवर जगणारा प्राणी वगळला तर त्या अभ्यासाला कोणी अभ्यास म्हणणार नाही. गंमत अशी की, हा प्राणी पुढे गाडगीळांनाच सापडला. गुहांबरोबर १९९५ साली लिहिलेल्या ‘इकॉलॉजी अँड इक्विटी’ या पुस्तकात त्यांनी आजच्या भारतीय समाजाचे तीन भाग केले : दूरदूरची साधने ओढून घेणारे सर्वभक्षी, आसपासच्या निसर्गावर जगणारी परिसरातली माणसे, आणि उखडून शहरात आलेले परिसर-निर्वासित. ही विभागणी मला फार मोलाची वाटते. पण सर्वभक्षी काय इंग्रजांबरोबर बोटीतून उतरले? जुन्या गावगाड्यात ते नव्हते? १९९५ चा हा शब्द १९८३ च्या निबंधाला लावून पाहिला असता, तर गावगाड्याच्या त्या शांत चित्राचा रंग बदलला असता.

आणि ज्यांच्याजवळ कोणतेच साधन नव्हते, फक्त राबणे होते, त्यांचा कोनाडा कोणता? माझे आजोबा गावचे तराळ होते. शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष काढत. कोणता बांध कुठून कुठे जातो, कोणत्या ओढ्याने कधी पात्र बदलले, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. गावच्या जमिनीचे इतके ज्ञान गावात दुसऱ्या कोणाजवळ नव्हते, आणि बांधाच्या आत पाय ठेवायचा हक्क मात्र नव्हता. वतनाच्या नावाखाली रात्रंदिवसाची जी चाकरी होती, तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक मांडले. ती कायद्याने जायला १९५९ चा अधिनियम यावा लागला. बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले होते की जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक उतरंड रचून. उतरंडीला कोनाडे म्हटल्याने ती आडवी होत नाही.

५

सिद्धान्त खरा की खोटा हे पाहायचे तर त्याला परीक्षेला बसवले पाहिजे. जात जर साधनांच्या वाटणीतून टिकली असेल, तर साधन गेल्यावर ती विरघळली पाहिजे. या परीक्षेला सोलापूरइतकी योग्य जागा नाही.

फासेपारध्याचे काळवीट गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. १९७९ साली आपल्या जिल्ह्यात नान्नज आणि आसपासच्या माळांवर माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. सोलापूर आणि शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत पसरलेल्या या अभयारण्याचे कागदावरचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, ते पुढे १,२२२ वर आणावे लागले. माळढोकाला वाचवले पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मी एवढेच विचारतो की पारध्याचा कोनाडा कायद्याने बंद झाल्यावर त्याची जात कुठे गेली? ती कुठेही गेली नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही प्रथम त्याच्या पालाकडे वळते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्माने गुन्हेगार ठरवले, ते ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने मुक्त झाले. पण सोलापुरात ज्या वस्तीत त्यांना कोंडले होते तिचे नाव आजही ‘सेटलमेंट’ आहे, आणि तो पत्ता सांगितला की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यात होणारा बदल माझे विद्यार्थी मला सांगतात.

गिरणीचेही तसेच. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिथे ना बांबू, ना काळवीट, ना चराईचे रान. भोंगा सर्वांना एकच. ज्यांचा पिढीजात धंदा कापडाचा नव्हता अशी माणसे, सेटलमेंटमधली माणसेसुद्धा, तिथे मजूर झाली. साधनांच्या वाटणीचा संबंध संपला, म्हणजे जात सुटायला हवी होती. मुंबईच्या गिरण्यांत मात्र विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला अस्पृश्याची थुंकी लागली असती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला होता. जास्त पगाराचे खाते स्पृश्यांचे, कमी पगाराचे अस्पृश्यांचे. जंगल नसलेल्या जागी, वाफेच्या यंत्राभोवती, जातीने आपल्यासाठी नवा कोनाडा खोदला. यावरून दिसते ते हे की जात साधनांच्या मागे जात नाही. साधने कोणतीही असोत, ती त्यांच्यावर जाऊन बसते.

सोलापूर शहराचा अभ्यास ज्यांच्या नावावर आहे, त्या धनंजयरावांच्या मुलाने आपला सिद्धान्त घाटावरच्या रानाबरोबर या शहरातल्या यंत्राशेजारी उभा राहूनही तपासला असता, तर मराठी समाजविचाराचे मोठे काम झाले असते.

६

मग गाडगीळ बाजूला ठेवायचे काय? मुळीच नाही. त्यांच्या हातून झालेले एक काम असे आहे की जे आपण आपल्या चळवळीच्या पाठ्यपुस्तकात घातले पाहिजे. ते म्हणजे बांबूचे.

कर्नाटकात दांडेलीच्या कागदगिरणीला सरकार बांबू पुरवत होते. दर होता टनाला दीड रुपया. त्याच बांबूसाठी टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडाला बाजारात त्याच्या शेकडो पटींनी पैसे मोजावे लागत. बांबू संपत चालला तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर आला. १९७५ नंतर गाडगीळ आणि त्यांचे सहकारी बेटे मोजत रानात फिरले. वनखाते बेटाच्या बुंध्याशी असलेले काटेरी जाळे ‘स्वच्छता’ म्हणून तोडायला सांगत होते. गावकरी म्हणत होते की काटे तोडले तर कोवळे कोंब गुरे, साळिंदर, वानरे खाऊन टाकतात. मोजणीने गावकरी खरे ठरले. गिरणीने जवळचा बांबू संपवून दूरच्या रानाकडे मोर्चा वळवला होता, हेही उघड झाले.

इथे गाडगीळांनी जे केले ते १९८३ च्या निबंधाहून मोठे आहे. त्यांनी कष्टकऱ्याचे म्हणणे ऐकले, आणि ऐकून थांबले नाहीत, मोजून पाहिले. खात्याचे म्हणणेही मोजून पाहिले, आणि खाते चुकीचे निघाले तेव्हा तसे लिहिले. पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालात हीच वृत्ती आहे. हा अहवाल सरकारने महिनोन्‌महिने दाबून ठेवला, तो २०१२ साली लोकांपुढे आला. निर्णय ग्रामसभांना विचारून व्हावेत आणि माहिती लोकांच्या भाषेत लोकांपुढे असावी, हा गाडगीळांचा आग्रह अखेरपर्यंत होता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळाला, तो या विचाराचा विजय होता.

मात्र इथेही आपला प्रश्न आपण सोडता कामा नये. मेंढा हे गोंडांचे गाव आहे. सोलापूर जिल्ह्यातले गाव तसे नाही. इथल्या ग्रामसभेत कोण खुर्चीवर बसतो, कोण उंबऱ्याशी उभा राहतो आणि कोण येतच नाही, हे सर्वांना माहीत आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवावर जो घणाघात केला, तो या अनुभवातूनच. गायरानाचे उदाहरण घ्या. पर्यावरणवादी गायरानाला गावाची सामाईक संपत्ती म्हणतो, ते खरेही आहे. पण ज्याला एक गुंठा नाही आणि गुरेही नाहीत, त्याला त्या सामाईकातला वाटा कधी मिळाला? दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून मराठवाड्यातल्या गायरानधारकांपर्यंत हा लढा चालत आला आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, तो या लढ्यामुळे. उद्या कोणी ‘सामाईक साधनांचे रक्षण’ म्हणून या माणसाला तिथून उठवायला निघाला, तर त्याच्या हातात परिसरविज्ञानाचे पुस्तक असता कामा नये. मुकुल शर्मा यांनी २०१७ साली जात आणि निसर्ग यांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात भारतीय पर्यावरणवादाने जात कशी नजरेआड केली हे दाखवले आहे. त्या कामाची मराठीत, आपापल्या जिल्ह्यातल्या पुराव्यांनिशी, पुढची पायरी आपण घातली पाहिजे.

त्यासाठी ज्ञान आणि जात यांची गाठ सोडवावी लागेल. बेटाचे काटे तोडू नका, हे गावकऱ्याला कळले ते पिढ्यान्‌पिढ्या बांबूत हात घातल्यामुळे. ते श्रमातून आलेले ज्ञान आहे. त्याची मुलगी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट करून तेच ज्ञान पुढे नेऊ शकते, आणि दुसऱ्या जातीचा मुलगा तिच्याकडून ते शिकू शकतो. माझी आई विड्या वळायची. टेंभुर्णीचे पान हातात घेतले की ते कोणत्या महिन्यात खुडले, किती दिवस वाळवले, हे ती सांगायची. हे ज्ञान तिला जातीने दिले नाही, दिवसाच्या हजार विड्यांनी दिले. ते तिच्याबरोबर संपले, कारण ते लिहून घ्यायला आमच्या घरात कोणी शिकलेले नव्हते आणि ज्यांनी शिकून ठेवले होते त्यांना ते लिहिण्याजोगे वाटले नव्हते.

आमच्या विद्यार्थ्यांनी गाडगीळ जरूर वाचावेत. मोजपट्टी घेऊन रानात जाणे, सरकारी आकडा रानातल्या आकड्याशी लावून पाहणे, हे त्यांच्याकडून शिकावे. मग तीच मोजपट्टी गावात न्यावी : गायरान किती, त्यातले कोणाच्या ताब्यात किती, विहिरी किती, कोणत्या विहिरीवर कोण जाते, धरणाचे पाणी कोणाच्या उसाला आणि कोणाच्या घागरीला. माळावरच्या गवताची मोजणी होते, तशी गावकुसाची मोजणीही परिसरविज्ञानच आहे. त्या पारधी विद्यार्थ्याला मी या वर्षीच्या प्रकल्पासाठी हाच विषय दिला आहे. त्याने आपल्या वस्तीपासून सुरुवात केली आहे. नळ किती, हे त्याच्या तक्त्यातले पहिले सदर आहे.